एकाच फाइलची दोन उत्तरं: सुरक्षा-लेबल वाचणारं फंक्शन दोन प्रकल्पांत सामायिक करताना

पार्श्वभूमी

ही हकीकत नाशिकमधल्या दोन छोट्या मुक्त-स्रोत प्रकल्पांची आहे. दोन्ही सी भाषेत लिहिलेली, टर्मिनलवर चालणारी अवजारं. खरी नावं बाजूला ठेवून पहिल्याला ‘शोधक’ म्हणू आणि दुसरीला ‘नक्कल’. शोधक फाइलींचं झाड पिंजून काढतो आणि अटीत बसणाऱ्या फाइलींची यादी देतो. नक्कल तेच झाड दुसऱ्या डिस्कवर उतरवते: मालक, वेळ, परवानग्या, लेबल, सगळं जसंच्या तसं. शोधक जे सांभाळतात ते पूर्वी पॉलिटेक्निकला शिकवायचे, म्हणून आम्ही त्यांना सरच म्हणतो. नक्कल मी आणि माझी एक सहकारी मिळून सांभाळतो. सर पंचवटीत, ती इंदिरानगरला, मी गंगापूर रोडला. वापरणारे बहुतेक सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सर्व्हर बघणारे लोक.

दोन्ही अवजारांना एसईलिनक्सचं लेबल वाचावं लागतं. एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने २००० सालच्या अखेरीस खुलं केलं आणि २००३ च्या २.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ते मुख्य लिनक्सचा भाग आहे. नेहमीच्या वाचा-लिहा-चालवा परवानग्यांच्या वर हा आणखी एक पहारा असतो. प्रत्येक फाइलीला एक सुरक्षा-संदर्भ, म्हणजे लेबल, चिकटवलेलं असतं. त्याचे साधारण चार भाग असतात: वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि पातळी. वेब सर्व्हरला कुठल्या प्रकाराच्या फाइली वाचता येतील हे धोरणात लिहिलेलं असतं. लेबल चुकीचं असेल तर फाइलीचा मालक बरोबर असूनही दार उघडत नाही.

हे लेबल फाइलीच्या एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे फाइलीला जोडलेल्या जादा माहितीत, साठवतात आणि लिबएसईलिनक्स ही लायब्ररी ते वाचून देते. त्यासाठी तिच्यात तीन फंक्शन्स आहेत. गेटफाइलकॉन सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलीकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइलीच्या) मागे जाऊन खऱ्या फाइलीचं लेबल देतं, एलगेटफाइलकॉन सिमलिंकचं स्वतःचं, आणि एफगेटफाइलकॉन आधीच उघडलेल्या फाइलीचं. या तिघांभोवती प्रत्येक प्रकल्प आपापलं छोटं वेष्टन लिहितो, म्हणजे त्यांना बोलावून उत्तर आपल्या सोयीचं करून देणारं फंक्शन. शोधकमध्ये एक होतं, नक्कलमध्ये एक. दोन्ही जेमतेम पानभर. इतक्या लहान गोष्टीवरून पुढे तीन महिने जातील असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

अडचण

सातपूरच्या एका कारखान्यात जुना सर्व्हर काढून नवा बसवायचा होता. जुन्या डिस्कवर सुट्या भागांची सगळी ड्रॉइंग्ज होती, त्यातली काही २००६ च्या आसपासची. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री तिथल्या ॲडमिनने नक्कलने सगळं झाड नव्या डिस्कवर उतरवलं. मग खात्रीसाठी शोधककडून दोन्हीकडची लेबलं काढून यादीला यादी लावून पाहिली. जुन्या ड्रॉइंग्जच्या बाबतीत एकही ओळ जुळेना. शोधक म्हणत होता, जुन्या डिस्कवर या फाइलींचं लेबल ‘अनलेबल्ड’ आहे. नव्या डिस्कवर त्याच फाइलींना चार भागांचं नीट लेबल होतं.

ॲडमिनने काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता: नक्कलने लेबलं बिघडवली. रात्री दीड वाजता त्याने सेटएन्फोर्स ० ही आज्ञा दिली. म्हणजे एसईलिनक्स नियमभंग नोंदवत राहील, अडवणार मात्र काहीच नाही. सुट्टीनंतरच्या सकाळी काम सुरू झालं, ड्रॉइंग्ज उघडत होती, आणि तो विषय मागे पडला. सर्व्हर त्याच स्थितीत सोळा दिवस चालला.

खरी गोष्ट अशी होती की नक्कलने काहीही बिघडवलं नव्हतं. जुन्या लिबएसईलिनक्समध्ये ही फंक्शन्स काही वेळा अपयश न कळवता शून्य परत देत. आणि २००६ च्या सुमाराच्या कर्नलने ज्या डिस्कवर ॲट्रिब्यूट लिहिले, तिथल्या फाइलींसाठी नवं कर्नलसुद्धा १० हा आकडा आणि ‘अनलेबल्ड’ हा शब्द परत देऊ शकतं. इंग्रजीतली नऊ अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट मिळून दहा. बोलावणाऱ्याला वाटतं की लेबल मिळालं. वास्तविक ‘लेबल नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

नक्कलच्या वेष्टनात या दोन्ही प्रकरणांची सोय होती. शून्य आलं तर उणे एक (अपयशाची खूण) आणि कारण म्हणून ई-नॉटसप, म्हणजे या फाइलप्रणालीत लेबलाची सोयच नाही. दहा आणि ‘अनलेबल्ड’ आलं तर उणे एक आणि ई-नोडेटा, म्हणजे सोय आहे पण या फाइलीला लेबल लावलेलं नाही. ई-नोडेटा मिळाल्यावर नक्कल लेबल लावायच्या फंदात पडत नाही. नव्या फाइलीला धोरणानुसार मिळतं ते राहू देते. त्या रात्री तिने तेच केलं. शोधकच्या वेष्टनात ही सोय नव्हती. एकाच फाइलीबद्दल एक अवजार ‘लेबल नाही’ म्हणत होतं आणि दुसरं ‘लेबल आहे, त्याचं नाव अनलेबल्ड’ असं सांगत होतं.

सोळा दिवसांनी त्या ॲडमिनने मला फोन केला तो दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाला, “तुमची नक्कल लेबलं खाते, म्हणून आम्ही एसईलिनक्स बंदच ठेवलंय.” सहज सांगावं तसं त्याने ते सांगितलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. पहारा उठवला गेला होता, आणि त्याला कारण झालं होतं दोन मित्रांच्या दोन अवजारांतलं पानभर कोड.

पर्याय

पुढच्या रविवारी आम्ही तिघं मखमलाबाद रोडला मिसळ खायला भेटलो. प्लेटा उचलल्या गेल्यावरही दीड तास तिथेच बसून होतो.

सरांचं पहिलं मत होतं, “तुमचं फंक्शन मला द्या, मी चिकटवतो, दहा मिनिटांचं काम आहे.” त्या दिवसापुरतं ते बरोबरच होतं. पण दोन प्रती हाच तर मूळ आजार होता. नक्कलमध्ये ही दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी झाली होती आणि शोधकपर्यंत ती पोचली नव्हती, कारण ती पोचवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

दुसरा पर्याय आमची स्वतःची छोटी लायब्ररी काढण्याचा. पानभर कोडसाठी वेगळं पॅकेज, त्याच्या आवृत्त्या, दर वितरणासाठी बांधणी. सहकारीने तो लगेच मोडीत काढला आणि तिचं बरोबर होतं. तिसरा, दोघांनी वापरायचं एक सामायिक गिट भांडार, सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे तेच भांडार दोन्ही प्रकल्पांच्या आत जोडायचं. हा बराच वेळ टेबलावर राहिला.

चौथा पर्याय ग्नूलिब. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. ग्नू प्रकल्पांनी एकमेकांत वाटून घ्यायच्या सी-कोडचा तो सामायिक साठा आहे. नेहमीच्या लायब्ररीसारखा तो संगणकावर बसवत नाहीत. ग्नूलिब-टूल नावाची आज्ञा लागतील तेवढी मॉड्यूलं तुमच्या स्रोतात आणून ठेवते आणि ती तुमच्याच प्रोग्रामबरोबर बांधली जातात. एलएस, सीपी, एमकेडिर ज्यात आहेत ते कोअरयुटिल्स आणि फाइंड ज्यात आहे ते फाइंडयुटिल्स, दोन्ही हाच साठा वापरतात. एलएसला झेड हा पर्याय दिला की लेबल दिसतं. फाइंडला कॉन्टेक्स्ट ही अट दिली की लेबलावरून फाइली शोधता येतात. म्हणजे आमच्या शोधक-नक्कलचीच मोठी भावंडं, आणि त्यांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवलेला.

ग्नूलिबमध्ये आमच्या कामाच्या तीन गोष्टी होत्या. एक, वर सांगितलेली शून्य आणि दहाची दुरुस्ती. दोन, लिबएसईलिनक्स नसलेल्या यंत्रासाठी बदली हेडर (फंक्शन्सची घोषणा असलेली फाइल), ज्यातली फंक्शन्स फक्त ई-नॉटसप परत देतात. त्यामुळे आपल्या कोडमध्ये जागोजागी ‘एसईलिनक्स असेल तर’ अशा अटी पेराव्या लागत नाहीत. तीन, ‘ॲट’ जातीची फंक्शन्स: गेटफाइलकॉनॲट, एलगेटफाइलकॉनॲट आणि लेबल लावणारी त्यांची जोडी.

या तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. झाड चालताना प्रत्येक वेळी मुळापासून पूर्ण पाथ दिला, तर मधल्या काळात कुणी एखादी डिरेक्टरी हलवून तिथे सिमलिंक ठेवू शकतो, आणि आपण भलत्याच फाइलीचं लेबल वाचतो. लेबल लावत असू तर धोका आणखी मोठा. ‘ॲट’ फंक्शन्सना आधीच उघडलेल्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर (कर्नलने तिला दिलेला क्रमांक) आणि त्यातलं नुसतं नाव द्यायचं असतं, त्यामुळे ही फट बुजते. शोधकमध्ये सरांनी हे स्वतःच्या पद्धतीने केलेलं होतं. नक्कलमध्ये आम्ही केलेलं नव्हतं. म्हणजे ज्या अवजाराला आम्ही निर्दोष समजत होतो त्यात वेगळं भोक होतं.

पहिलं वळण: परवाना

शोधक जीपीएल तीनवर, नक्कल एमआयटी परवान्यावर; दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने. एमआयटीचं कोड जीपीएलच्या प्रकल्पात घेता येतं, पण जीपीएलचं कोड घेतलं की तो सगळा प्रोग्राम जीपीएलच्या अटींखाली द्यावा लागतो. ग्नूलिबमध्ये प्रत्येक मॉड्यूलचा परवाना वेगळा नोंदलेला असतो, आणि आम्हाला हवं ते ‘ॲट’चं मॉड्यूल जीपीएलचं होतं. म्हणून आमचा कल तिसऱ्या पर्यायाकडे झुकला: सामायिक भांडार, एमआयटी परवाना, ‘ॲट’ची पद्धत सरांची, शून्य-दहाची दुरुस्ती आमची.

भांडार तयार करण्याआधी सहकारीने एक साधी गोष्ट केली. नक्कलमधली दुरुस्ती आणि ग्नूलिबमधली दुरुस्ती शेजारी शेजारी ठेवली. ओळीला ओळ जुळत होती. वरची इंग्रजी टिपणीसुद्धा तीच, शब्दशः. दोन वर्षांपूर्वी एका सहभागी मुलाने तो पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला होता आणि मी तपासून घेतला होता. त्याने कुठून घेतला हे मी विचारलं नव्हतं. म्हणजे आमच्या एमआयटीच्या प्रकल्पात दोन वर्षं ग्नूलिबच्या ओळी परवान्याची आणि कर्त्याची नोंद न ठेवता बसल्या होत्या.

इथे दोन वाटा होत्या. त्या ओळी काढून, ग्नूलिबचं कोड न पाहिलेल्या कुणाकडून नव्याने लिहून घ्यायच्या. किंवा नक्कलच जीपीएल तीनवर न्यायची. पहिल्या वाटेने एमआयटी परवाना टिकला असता, पण ‘ॲट’ फंक्शन्स आणि बदली हेडर पुन्हा आपणच लिहून आपणच सांभाळायची. दुसऱ्या वाटेने ग्नूलिब सरळ वापरता येत होतं. अडचण एकच: अंबडची एक छोटी कंपनी आपल्या बॅकअपच्या पेटीत नक्कल घालून विकत होती, आणि त्यांचं बाकी सॉफ्टवेअर बंद स्रोताचं.

त्यांना हे सांगायला मी तीन आठवडे लावले. त्यांचा व्यवसाय अडचणीत येईल आणि दोष माझा असेल, या विचाराने फोन पुढे ढकलत राहिलो. शेवटी सर म्हणाले, “अहो, ते रोज त्या ओळी विकताहेत. जितके दिवस गप्प बसाल तितकं ओझं त्यांच्यावर.” त्याच संध्याकाळी फोन केला. निघालं असं की ते नक्कल हा वेगळा प्रोग्राम म्हणून चालवतात, आपल्या कोडमध्ये जोडत नाहीत आणि त्यात बदलही करत नाहीत. त्यामुळे पेटीबरोबर नक्कलचा स्रोत आणि परवाना देणं एवढंच त्यांना करायचं होतं. त्यांनी ते आठवड्यात केलं.

आम्ही नक्कल जीपीएल तीनवर नेली. एमआयटीमुळे कायद्याने कुणाची परवानगी लागत नव्हती, तरी आजवर पॅच दिलेल्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. त्या मुलालाही लिहिलं, दोष न देता. पॅच पाठवला तेव्हा तो दुसऱ्या वर्षाला होता. तपासणं माझं काम होतं. ज्या जुन्या रिलीजमध्ये त्या ओळी होत्या, त्यांच्या पानांवर स्पष्ट टीप टाकली.

दुसरं वळण: थ्रेड

परवान्याचं मिटल्यावर वाटलं, आता नुसती मॉड्यूलं आणायची. ग्नूलिबची ‘ॲट’ फंक्शन्स कशी चालतात हे वाचताना सरांनी हात वर केला. लेबल वाचणाऱ्या लायब्ररीत डिस्क्रिप्टर-सापेक्ष फंक्शन नसल्यामुळे ग्नूलिब आधी प्रोक-सेल्फ-एफडी या खास डिरेक्टरीतून, जिथे प्रोग्रामने उघडलेल्या फाइली दिसतात, वाट काढतं. ती वाट चालली तर उत्तम. नाही चालली, तर ते सध्याची डिरेक्टरी लक्षात ठेवतं, एफसीएचडिरने हव्या त्या डिरेक्टरीत जातं, लेबल वाचतं आणि परत येतं. परत येणं जमलं नाही तर संदेश देऊन अख्खा प्रोग्रामच थांबवतं.

शोधक एकाच थ्रेडचा (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक समांतर धागा), त्याला हे चालतं. नक्कल मात्र एकाच वेळी अनेक थ्रेडनी फाइली उतरवते, आणि सध्याची डिरेक्टरी सगळ्या थ्रेडची मिळून एकच असते. एक थ्रेड लेबल वाचायला बाजूच्या डिरेक्टरीत गेला आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्याने सापेक्ष नावाने फाइल तयार केली, तर ती भलत्या जागी पडेल. प्रोक जोडलेलं असलेल्या नेहमीच्या सर्व्हरवर हे होणार नाही. पण नक्कल वापरणारे काही जण तिला सीएचरूटच्या कुंपणात चालवतात, म्हणजे तिला ठरावीक डिरेक्टरीबाहेरचं काही दिसत नाही, आणि तिथे प्रोक नसण्याचा संभव असतो.

ग्नूलिबमधलं कोड बदलून घ्यायचा मोह मला झाला. आपली प्रत आहे, चार ओळी बदलू, असं मी म्हणालो. सहकारीने ठाम नकार दिला: बदललेली प्रत म्हणजे पुन्हा दोन फंक्शन्स, पुन्हा तीच सातपूरची रात्र. तिने सुचवलेला उपाय आम्ही घेतला. नक्कल सुरू होताना एकदाच तपासते, की प्रोकच्या वाटेने एक माहीत असलेली फाइल खरंच दिसते का. दिसली तर सगळे थ्रेड. नाही दिसली तर एकच थ्रेड, आणि पडद्यावर तसं स्पष्ट सांगते. काम सावकाश होतं, पण चुकीच्या जागी काही पडत नाही.

केलेलं काम

मॉड्यूलं आणणं, दोन्हीकडची जुनी वेष्टनं काढणं आणि बांधणीच्या फाइली जुळवणं यात चार संध्याकाळी गेल्या. त्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्या गोष्टीला लागला. ग्नूलिब शेवटी प्रत्येक प्रकल्पात प्रत म्हणूनच येतं. शोधक एका कमिटवर (कोडच्या एका नोंदलेल्या अवस्थेवर) आणि नक्कल दुसऱ्या कमिटवर अडकली, की कालांतराने पुन्हा तेच. सरांची निफाडकडे भावकीतली जमीन आहे, त्यावर सामायिक विहीर. ते म्हणाले, “पाण्याच्या पाळ्या सगळे लिहून ठेवतात. गाळ कुणी काढायचा हे कुणी लिहीत नाही, आणि भांडणं तिथेच होतात.” म्हणून आम्ही गाळाच्या पाळ्या लिहिल्या. दोन्ही प्रकल्प ग्नूलिबच्या एकाच कमिटवर राहतील. दर तीन महिन्यांनी एकजण पुढचा कमिट निवडेल, दोन्हीकडच्या चाचण्या चालवेल, आणि बदल दोन्हीकडे एकाच दिवशी जाईल. पाळी आळीपाळीने. हे दोन्ही भांडारांच्या सहभाग-नियमांत एकाच शब्दांत लिहिलं आहे.

चाचणीही एकच ठेवली. एसईलिनक्स बंद असलेल्या यंत्रावर रूट होऊन एका छोट्या डिस्क-प्रतिमेतल्या फाइलीच्या ॲट्रिब्यूटमध्ये ‘अनलेबल्ड’ हाताने लिहिलं. दुसऱ्या फाइलीला काहीच लेबल नाही, तिसरीला नीट चार भागांचं. दोन्ही अवजारांनी तिन्ही फाइलींबद्दल तंतोतंत एकच उत्तर द्यायला हवं, नाही तर रिलीज निघत नाही.

परिणाम

सातपूरला आम्ही तिघंही गेलो. नव्या आवृत्त्यांनी तीच तुलना पुन्हा चालवली. शोधकने जुन्या ड्रॉइंग्जना आता ‘लेबल नाही’ असं वेगळ्या रकान्यात दाखवलं. मग नव्या डिस्कवर रीस्टोअरकॉन चालवून धोरणाप्रमाणे लेबलं बसवली आणि ॲडमिनने स्वतःच्या हाताने सेटएन्फोर्स १ दिलं. मधल्या काळातल्या ऑडिट लॉगमध्ये बाहेरच्या कुणाची खूण सापडली नाही. दोन खऱ्या चुका मात्र सापडल्या: वेब सर्व्हरच्या दोन डिरेक्टरींना भलतंच लेबल होतं. एसईलिनक्स अडवणारं असतं तर त्या पहिल्याच सकाळी कळल्या असत्या.

पुन्हा करायचं झालं तर

पॅच घेताना ‘हे कुठून आलं’ हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता. आता तो सहभाग-नियमांत पहिला आहे. अंबडला फोन तीन आठवडे आधी केला असता. आणि शोधकच्या यादीत ‘लेबल नाही’, ‘सोयच नाही’ आणि ‘वाचता आलं नाही’ ही तीन उत्तरं पहिल्यापासून वेगळी दाखवायला हवी होती. त्या ॲडमिनला पडद्यावर ‘लेबल नाही’ एवढं दिसलं असतं, तर रात्री दीड वाजताही त्याने योग्य तेच केलं असतं, असं मला त्याच्याशी बोलल्यावर ठामपणे वाटतं.

थ्रेडच्या बाबतीत आमचं मत अजून पूर्ण जुळलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१३ मध्ये गेटएक्सॲटरॲट आणि त्याच्या जोडीचे सिस्टिम कॉल आले. त्यांनी डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरवरून थेट ॲट्रिब्यूट वाचता येतो. प्रोक नको, डिरेक्टरी बदलायला नको. सहकारीला ते आत्ताच वापरायचं आहे. सर म्हणतात, सातपूरच्या निम्म्या सर्व्हरवर ते कर्नल यायला वर्षं लागतील, आणि तोवर दोन वाटा सांभाळाव्या लागतील. पुढची पाळी माझी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी फोन मलाच येतात. सध्या एका वेगळ्या शाखेत नवा कॉल बसवून त्याच तीन फाइलींच्या प्रतिमेवर तो जुन्या वाटेशी ताडून पाहतो आहे.